एक कॅपुचिनो, चार खुर्च्या आणि साडेतीन तास

(या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

  

आजचा विषय आहे रविवारचा ब्रंच. पण ‘पुण्यातले टॉप टेन कॅफे’ टाइप भाग नाहीये हा. तसल्या याद्या तुम्हाला रील्सवर ढीगभर मिळतील. आज मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या आवडत्या कॅफेला मी दोन स्टार दिले होते. रागात. आणि ते दोन स्टार देताना मी शंभर टक्के चुकलो होतो. कसा चुकलो ते कळायला मला साधारण दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत मी कॅफेच्या टेबलाबद्दल जेवढं शिकलो तेवढं आधीच्या पाच वर्षांत शिकलो नव्हतो. तेच सगळं तुम्हाला सांगतो.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. नाव सांगणार नाही. कोथरूडमधली एक आतली गल्ली आहे. रिक्षावाला विचारतो, ‘इथून पुढं रस्ता आहे का?’, तसली. तिथे एक जुना बंगला आहे. वरच्या मजल्यावर बंगल्याचे मालक राहतात, आणि खाली, जिथे पूर्वी गाडी उभी राहायची तिथे आणि त्याला लागून असलेल्या खोलीत हा कॅफे आहे. एकूण चोवीस खुर्च्या. मी मोजल्यात, आणि का मोजल्या ते पुढे येईलच. अंगणात एक पारिजातक आहे. सकाळी लवकर गेलात तर बाहेरच्या टेबलांवर फुलं पडलेली असतात आणि ती कोणी झाडून टाकत नाही, गिऱ्हाईक बसताना हातानं बाजूला करतं.

मेन्यू दोन पानांचा. अकुरी आहे, म्हणजे पारशी पद्धतीची मऊ, ओलसर अंडाबुर्जी, टोस्टवर घातलेली. एग्ज बेनेडिक्ट आहे. शक्शुका आहे, टोमॅटोच्या रश्श्यात फोडलेली अंडी, लोखंडी तव्यातच टेबलावर येते. आणि ठेचा-चीज टोस्ट आहे, ज्यासाठी माझे दोन मित्र हिंजवडीहून येतात. रविवारी सकाळी, ट्रॅफिक नसताना का होईना, पण हिंजवडीहून!

मला ती जागा आवडते त्याचं कारण मात्र खाणं नाहीये. आमचा फ्लॅट तिघांचा. एकाची गेमिंग चालू असते, एकाचा फोन चालू असतो. ऑफिसमध्ये ऑफिस असतं. तर घर आणि ऑफिस सोडून जिथे आपल्याला ओळखतात, पण आपल्याकडून कोणाला काही नको असतं, अशी एक जागा माणसाला लागते. रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये एका पुस्तकात याला ‘तिसरी जागा’ म्हटलं. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी म्हणजे न्हाव्याचं दुकान, पब, कॅफे, जिथे लोक नुसते येऊन बसतात. आपल्याकडे याला पुस्तक लागलं नाही. आपल्याकडे कट्टा आहे.

हा कट्टा लक्षात ठेवा. परत येणार आहे.

आता तो रविवार.

मी नऊ वाजता पोचलो. खिडकीपाशी चौघांचं टेबल रिकामं होतं आणि प्लग पॉइंट तिथेच आहे. बसलो. लॅपटॉप काढला, हेडफोन लावले आणि याच पॉडकास्टचा एक भाग एडिट करायला घेतला. एक कॅपुचिनो मागवली, २२० रुपये. बॅग शेजारच्या खुर्चीवर, जॅकेट समोरच्या खुर्चीवर. तुम्हीही असंच करता, मला माहिती आहे.

दहानंतर गर्दी वाढली. दारात एक वही ठेवलेली असते, त्यात नाव आणि किती जण ते लिहायचं. मला हेडफोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं. साधारण अकराला तिथला सर्व्ह करणारा मुलगा आला. बीडकडचा आहे, वीस-बावीस वर्षांचा असेल. मला दादा म्हणतो. खाली वाकून हळूच म्हणाला, “दादा, तेवढं त्या कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर बसता का? चौघंजण थांबलेत, आजी आहेत सोबत.”

मी दाराकडे पाहिलं. एक कुटुंब होतं. आई, बाबा, शाळेतली मुलगी आणि एक आजी. आजींच्या हातात वॉकर होता.

आणि मी म्हणालो, “अरे, तिथे प्लग नाहीये ना. माझं थोडंच राहिलंय.”

तो ‘बरं’ म्हणून गेला. मला अपराधी वाटू नये म्हणून मी एक कुकी मागवली, ९० रुपयांची. म्हणजे आता मी ‘ऑर्डर केलेलं’ गिऱ्हाईक होतो. पंधरा मिनिटांनी तो परत आला. या वेळेस जरा अवघडून. “दादा, बघा ना जमलं तर.” माझं डोकं सटकलं. पैसे देऊन बसलोय, फुकट बसलोय का? असलं काहीतरी मी बोललो. आवाज चढवून नाही, पण बोललो. शेजारच्या टेबलानं वळून पाहिलं. तो गेला, परत आला नाही. मी हट्टानं साडेबारापर्यंत बसलो. काम बारालाच संपलं होतं.

घरी जाऊन रिव्ह्यू टाकला. दोन स्टार. ‘जेवण छान, पण एकट्या गिऱ्हाइकाला किंमत नाही. दोनदा उठवायचा प्रयत्न केला.’ सत्तावीस लोकांना तो रिव्ह्यू उपयुक्त वाटला. मला फार बरं वाटलं त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी त्याखाली कॅफेच्या ताईंचं उत्तर आलं. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. मला वाटलं भांडणार. तर त्यांनी लिहिलं होतं की तुम्हाला वाईट वाटलं याबद्दल सॉरी, तुम्ही आमचे नेहमीचे आहात, पुढच्या वेळी याल तेव्हा कॉफी माझ्याकडून. बस. आजींचा उल्लेख नाही, साडेतीन तासांचा उल्लेख नाही.

त्यांनी भांडण केलं असतं तर मी पण केलं असतं, आणि विषय संपला असता. त्या उत्तरानं मात्र मला चैन पडेना.

पुढच्या मंगळवारी वर्क फ्रॉम होम होतं. सकाळी गेलो. मंगळवारी साडेदहाला तिथे तीन माणसं असतात. ताई स्वतः काउंटरवर होत्या. मी म्हणालो, “ताई, त्या रविवारचं…” त्या म्हणाल्या, “अरे बस आधी.” आणि मग म्हणाल्या, “तुला एकदा किचन दाखवते, चल.”

मंडळी, ते किचन आमच्या फ्लॅटच्या किचनपेक्षा थोडंसंच मोठं आहे. चार शेगड्या, एक ओव्हन, दोन माणसं. रविवारी तीन. आपण बाहेर बसून ‘एवढा वेळ का लागतोय’ म्हणतो ना, त्याचं उत्तर तिथे उभं राहिलं की दोन मिनिटांत मिळतं.

एग्ज बेनेडिक्टचंच घ्या. एका प्लेटमध्ये दोन पोच केलेली अंडी. पोच म्हणजे कवच फोडून अंडं थेट गरम पाण्यात सोडायचं. पाणी खळखळ उकळतं नको, नाहीतर पांढरा भाग फाटून सगळीकडे तरंगतो. अगदी बारीक बुडबुडे हवेत. तीन-चार मिनिटं. ताईंच्या पातेल्यात एका वेळी चार अंडी नीट होतात. आता सहा जणांच्या ग्रुपनं सहा बेनेडिक्ट मागवली की झाली बारा अंडी, म्हणजे तीन खेपा. आणि पहिल्या खेपेची अंडी तिसरी खेप होईपर्यंत गार होता कामा नयेत.

वरचा पिवळा सॉस, हॉलंडेझ, त्याचं आणखी वेगळं. अंड्याचा पिवळा बलक, लिंबाचा रस आणि वितळलेलं लोणी. लोणी आणि पाणी एरवी एकत्र येत नाहीत, बलक त्यांना धरून ठेवतो. पण आच जरा जास्त झाली की बलक शिजून गुठळ्या होतात, आणि लोणी घाईनं ओतलं की सॉस फुटतो. शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवला आणि रविवारी गरम केला, असं चालत नाही. त्यामुळे गर्दीच्या मधोमध कोणीतरी एक जण भांड्यात व्हिस्क फिरवत उभा असतो.

पावाचं उलटं. सावरडो म्हणजे विकतचं यीस्ट न घालता, पिठात आपोआप वाढलेल्या यीस्ट आणि बॅक्टेरियांवर फुगवलेला पाव. इडलीचं पीठ आंबतं त्यातलाच प्रकार. त्याला कित्येक तास लागतात, म्हणून रविवारी सकाळी तुम्ही जो टोस्ट खाता त्याची कणीक शनिवारी मळलेली असते. रविवारी किती लोक येतील याचा अंदाज शनिवारीच बांधायचा. कमी केला तर पाव संपतो, जास्त केला तर सोमवारी उरतो.

आणि कॉफी मशीनला दोन तोंडं आहेत. एका एस्प्रेसोला साधारण २५ ते ३० सेकंद लागतात, पण मग दूध फेसायचं, भांडं पुसायचं, दुसरं दूध घ्यायचं. दूध ६०-६५ अंशांच्या आसपास तापवतात, त्यात गोडवा चांगला लागतो. आपण काय म्हणतो? ‘भैया, एकदम गरम.’ कारण घरी आपण उकळता चहा पितो. तर ती कॅपुचिनो कोमट नसते, मुद्दाम तशी केलेली असते. मीही हे पाच वर्षं ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणत होतो. असो.

मग ताईंनी पैशांचं सांगितलं. आकडे त्यांचे खासगी आहेत, ते सांगत नाही. पण एक गोष्ट मला माहितीच नव्हती. आपल्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. मला वाटायचं की कॅफे भरतो त्या जीएसटीची त्यातून वजावट होत असेल, बाकी धंद्यांत होते तशी. तर ५ टक्क्यांवाल्या रेस्टॉरंटला ती वजावट मिळत नाही. जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, तो पूर्ण त्यांच्या खिशातून. म्हणजे भाडं लाख रुपये असेल तर खरा खर्च एक लाख अठरा हजार. आणि भाडं कुणाचं? चोवीस खुर्च्यांचं. मंगळवारी एकवीस रिकाम्या असतात तेव्हाही.

“आमचा आठवडा शनिवार-रविवारी सकाळी चार-चार तासांत होतो रे,” त्या म्हणाल्या. “बाकीचे दिवस आम्ही दार उघडं ठेवतो, एवढंच.”

मी घरी आलो आणि इंजिनियर असल्यामुळे जे करायचं तेच केलं. हिशोब मांडला.

रांगांच्या गणितात एक अतिशय साधा नियम आहे, लिटल्स लॉ. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आम्ही सर्व्हरवरचा लोड मोजायला वापरतो. नियम असा की आत असलेली माणसं म्हणजे ताशी येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. आता कॅफेला लावा. खुर्च्या चोवीस, त्या वाढणार नाहीत. माणूस सरासरी एक तास बसला तर ताशी चोवीस जण येऊ शकतात. साडेआठ ते साडेबारा, चार तासांत ९६ जण. तोच माणूस दीड तास बसला तर ताशी सोळा, म्हणजे चार तासांत ६४. प्रत्येकानं फक्त अर्धा तास जास्त घेतला आणि ३२ माणसं कमी झाली. एक तृतीयांश गेले. किचन तेच, पगार तेच, भाडं तेच.

आता माझा हिशोब. चार खुर्च्या, साडेतीन तास. चार गुणिले साडेतीन म्हणजे चौदा खुर्ची-तास. माझं बिल २२० अधिक ९०, ३१० रुपये. भागिले चौदा. एका खुर्चीचे तासाला साधारण २२ रुपये.

पुण्यात दुचाकी पार्किंगच्या पुढे थोडंसं.

आणि समजा, तिथे माणशी ४५० रुपयांचं खाणारी कुटुंबं एकेक तास बसली असती. त्या साडेतीन तासांत तीन कुटुंबं आरामात झाली असती. तीन गुणिले १८००, म्हणजे ५४०० रुपये. ३१० आणि ५४००. ‘पैसे देऊन बसलोय, फुकट बसलोय का?’ असं मी विचारलं होतं ना? उत्तर होतं, ‘हो दादा, जवळजवळ फुकटच.’ तो मुलगा हे बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

आता कट्ट्याकडे येऊ.

कट्ट्यावर किती वेळ बसायचं याला मर्यादा नसते, कारण कट्ट्याला भाडं नसतं. तो कोणाच्या तरी घराच्या भिंतीला लागून असतो किंवा कॉलेजच्या गेटबाहेर असतो, आणि सिमेंट आधीच ओतून झालेलं असतं. कॅफे हा आमच्या पिढीचा कट्टा आहे हे खरं. पण हा भाडं असलेला कट्टा आहे. आपण कॉफीचे २२० देतो तेव्हा कॉफी पावडर आणि दुधाचे देत नाही, ते आपल्यालाही कळतं. म्हणून तर ‘घरी वीस रुपयांत होते’ असं आपले आईबाबा म्हणतात. ते बरोबरच म्हणतात. बाकीचे पैसे खुर्चीचे असतात. फक्त त्या पैशांत किती वेळ खुर्ची येते, हे मेन्यूवर छापलेलं नसतं.

पूर्वी हे छापलेलं असायचं! इराणी हॉटेलांत. इराणमधून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात ही हॉटेलं काढली. डेक्कनचं गुडलक १९३५ चं, चौकालाच त्याचं नाव पडलं. या इराणी हॉटेलांतल्या पाट्या प्रसिद्ध आहेत. केस विंचरू नका, गल्ल्यावरच्या माणसाशी गप्पा मारू नका, उगाच बसून राहू नका. आपण त्या पाट्यांचे फोटो काढून हसतो. पण नीट पाहिलं तर त्या पाट्या म्हणजे धंद्याचं गणित होतं. चहा आणि बन मस्का स्वस्तात द्यायचा तर खुर्ची लवकर रिकामी व्हायलाच हवी.

मिसळीच्या ठिकाणी तर पाटीही लागत नाही. रविवारी सकाळी पेठेतल्या कुठल्याही नावाजलेल्या मिसळवाल्याकडे जा. तुम्ही पहिला घास घेता तेव्हाच कोणीतरी तुमच्या खुर्चीच्या पाठीमागे येऊन उभा असतो. अनोळखी माणूस समोर बसतो, तुमच्या बाजूचा कांदा-लिंबू घेतो, आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. मी स्वतः तिथे वीस मिनिटांत उठतो. कोणी सांगत नाही तरी उठतो. मग कॅफेत मला तो मुलगा दोनदा विनवतो तेव्हा अपमान का वाटला? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, उशी असलेली खुर्ची, पिवळे दिवे, मंद गाणं, हे सगळं आपल्याला सांगत असतं की ‘हे तुमचंच घर आहे.’ आणि आपण ते खरं धरतो. मिसळवाला तसं काही सांगत नाही, म्हणून तिथे आपण पाहुण्यासारखे नीट वागतो.

गंमत बघा, ब्रंच हा शब्दच मुळात गप्पांसाठी जन्माला आला. १८९५ मध्ये गाय बेरिंगर नावाच्या इंग्रज लेखकाने एका मासिकात लेख लिहून ब्रंचची बाजू मांडली. त्याचं म्हणणं होतं की रविवारी चर्चनंतरचं ते जड जेवण कशाला? शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला उशिरा उठू द्या, न्याहारी आणि जेवण एकत्र करा, आणि चार माणसं एकत्र बसून बोलू देत. म्हणजे ब्रंचचं टेबल हे माणसांनी भरलेलं असावं अशीच मूळ कल्पना आहे. मी मात्र त्या टेबलावर एक बॅग, एक जॅकेट आणि हेडफोन घेऊन बसलो होतो. आणि ज्यांना खरंच ब्रंच करायचा होता ते दारात उभे होते.

त्यांचं काय झालं, हे मी त्या मंगळवारीच ताईंना विचारलं होतं. ताई म्हणाल्या, चाळीस मिनिटं थांबले आणि गेले. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच बाहेर आल्या होत्या. नातीनं हट्ट केला होता, आजीला फ्रेंच टोस्ट खायला न्यायचा. बाहेरचा बाक आहे, पण तो बुटका आहे, त्यावर बसलं तर त्यांना उठता येईना, म्हणून त्या वॉकर धरून उभ्याच होत्या. त्यांच्यासाठी पाठ असलेली, जरा उंच खुर्ची फक्त खिडकीपाशीच होती. म्हणजे ज्या खुर्चीवर माझं जॅकेट होतं ती.

मी काय बोलणार? गप्प बसलो.

थोडी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा कॅफेवाल्यांचा प्रचार करतोय. गिऱ्हाइकालाही हक्क आहेत. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो सरकारी कर नाहीये, हे लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो सक्तीनं लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये तेच कायम ठेवलं. काढून द्यायला सांगा, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जीएसटी मात्र भरावाच लागतो. शिवाय रविवारी वेळेची मर्यादा असेल तर ती कॅफेनं आधी सांगायला हवी, ठळकपणे. हे मी ताईंना पण बोललो. त्या म्हणाल्या, “पाटी लावली की लोक म्हणतात माज आहे. नाही लावली तर तुझ्यासारखे बसतात. काय करू सांग.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक वाक्य तयार केलं, आता ते मेन्यूच्या खाली छापलंय: ‘शनिवार-रविवार सकाळी लॅपटॉप घरी, गप्पा इथे.’ आठवड्यात इतर दिवशी लॅपटॉप चालतो. आणि बाहेरच्या बुटक्या बाकाजवळ आता दोन उंच खुर्च्या ठेवल्यात. त्यातली एक आमच्या फ्लॅटमधली आहे. रूममेट अजून विचारतोय, खुर्ची गेली कुठे.

मी स्वतःपुरते काही नियम केलेत. पटले तर घ्या.

एकटा असेन तर दोघांचं टेबल, किंवा भिंतीकडचा काउंटर. प्लग कुठेही असो. बॅग पायाशी. वीकेंडला सकाळी गेलो तर खाऊन तासाभरात उठायचं, गप्पा राहिल्या असतील तर अंगणात उभं राहून मारायच्या. तास दोन तास बसायचंच असेल तर मंगळवार-बुधवार गाठायचा, आणि दर तासाला काहीतरी मागवायचं. मोठा ग्रुप असेल तर सगळ्यांनी अंड्याचा एकच प्रकार मागवायचा नाही, तीन खेपांचं गणित आठवायचं. आणि सर्व्ह करणाऱ्याला टीप हातात द्यायची. यूपीआयवर बिलात मिसळली तर ती त्याच्यापर्यंत पोचते की नाही, आपल्याला कळत नाही.

त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या दादा, रोजचंच आहे.” मला हे वाक्य जास्त लागलं. म्हणजे रोज कोणीतरी माझ्यासारखा असतो. त्याला रविवारी सुट्टी नसते. तुमची-माझी सुट्टी साजरी व्हावी म्हणून तो रविवारी सकाळी साडेसहाला येतो.

आता रिव्ह्यूचं. पहिल्यांदा वाटलं, गुपचूप डिलीट करावा. कोणाला कळणार आहे? पण सत्तावीस लोकांनी तो वाचून ‘उपयुक्त’ म्हटलं होतं. ते सत्तावीस जण कदाचित कधीच तिकडे गेले नसतील. चोवीस खुर्च्यांच्या दुकानाला सत्तावीस माणसं म्हणजे अख्खा कॅफे भरून वर तीन वेटिंगवर. मोठ्या साखळीवाल्या कॅफेला एका रिव्ह्यूनं काही होत नाही, गल्लीतल्याला होतं. म्हणून मी तो डिलीट केला नाही, एडिट केला. काय झालं ते खरं लिहिलं. मी साडेतीन तास चौघांचं टेबल अडवलं होतं, एक आजी उभ्या होत्या, चूक माझी होती. पाच स्टार. या वेळेस ‘उपयुक्त’ म्हणणारे फक्त चार आहेत. चालायचंच. रागाचा रिव्ह्यू जास्त चालतो, हे तुम्हाला-मला नवीन नाही.

ते कुटुंब परत आलं का? मला माहिती नाही. मी दर रविवारी दाराकडे बघतो. वॉकर दिसला की उठायचं, एवढं ठरवलंय. आतापर्यंत दोनदा उठलोय, दोन्ही वेळा आजी वेगळ्याच होत्या. हरकत नाही.

आणि एक शेवटची गोष्ट. तो बंगला आता रिडेव्हलपमेंटला जाणार आहे अशी गल्लीत चर्चा आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे दर दुसऱ्या बंगल्याबाहेर पत्रे लागलेत. गेला तर कॅफेही जाईल आणि पारिजातकही. ते काही माझ्या उठण्या-बसण्यावर ठरणार नाही. पण जोवर आहे तोवर त्या चोवीस खुर्च्यांवर माणसं बसलेली असावीत, जॅकेटं नकोत, एवढं आपल्या हातात आहे.

तुमच्या गल्लीत असा कुठला कॅफे, इराणी, मिसळवाला, अमृततुल्य असेल तर या रविवारी जा. बॅग पायाशी ठेवा. आणि तुम्ही शेवटचा वाईट रिव्ह्यू कोणाला आणि का दिला होता, तो एकदा उघडून वाचा. मग मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवीन, नाव न घेता.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि कॅपुचिनो ‘एक्स्ट्रा हॉट’ मागू नका!